61 भेटींची वही

पत्र श्रीरामपूर तालुक्यातून आलं आहे. लांब आहे, म्हणून आटोपशीर करून देते. नाव अर्थातच देत नाही.

"गेल्या वर्षी मी शाळेतून निवृत्त झाले. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. मी तिसरीत असताना वडील दारूपायी घर सोडून गेले. आईनं मिशनच्या दवाखान्यात आयाचं काम करून आम्हा तिघांना वाढवलं. नऊ वर्षांपूर्वी ती वारली. तिच्या मातीला पाळकसाहेब गावात नव्हते. मंडळीतल्या एका वडीलजनांनी प्रार्थना केली, दहा मिनिटांत सगळं उरकलं. यंदा वडील परत आले. लिव्हर गेलेलं, पोट फुगलेलं. पाच आठवडे माझ्याकडे होते. शेवटच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी त्यांच्या उशाशी बसून विचारलं, प्रभूला स्वीकारता का? त्यांनी मान हलवली. दफनविधीच्या संदेशात पाळकसाहेब म्हणाले, वधस्तंभावरच्या चोरासारखं ह्यांचंही तारण झालं, कर्मांनी नव्हे, विश्वासानं. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी म्हणाले नाही.

वडिलांचं बेडपॅन मला एकटीला जमत नव्हतं. शेजारच्या काकू रोज यायच्या. त्या माळकरी आहेत. त्यांच्याबद्दल विचारलं तर पाळकसाहेब म्हणाले, सत्कृत्यांनी कुणी तरत नाही.

महिला मंडळातर्फे आजाऱ्यांच्या भेटी माझ्याकडे आहेत. वार्षिक अहवालासाठी वही ठेवते. त्या रात्री झोप येईना, म्हणून वही काढून मोजलं. वर्षभरात 61 भेटी झाल्या होत्या. मोजल्यावर मलाच लाज वाटली. खरं सांगते, प्रार्थनेला बसलं की मन कोरडं ठाक असतं. विश्वास आहे की नाही, मला सांगता येत नाही. कामं तेवढी आहेत. कामांनी होत नाही म्हणता, विश्वास सापडत नाही, मग मी नेमकी कुठं उभी आहे?"

बाई, तुम्ही शिक्षिका, म्हणून बाईच म्हणते. आमेन म्हणाला नाहीत, ते बरं केलंत. आमेन म्हणजे "असंच असो". जे आतून येत नाही ते तोंडानं म्हणायची सक्ती निदान स्मशानात तरी नसावी. मी पाळकाची मुलगी आहे, पाळक नाही. शेकडो दफनविधी मागच्या बाकावरून पाहिले आहेत. माझे वडील कबरेपाशी एकच वाक्य म्हणायचे, "ह्याला आम्ही देवाच्या हाती सोपवतो." मेलेला माणूस कुठं पोचला ह्याची पावती त्यांनी कुणालाच दिली नाही, चर्चच्या पंच कमिटीच्या अध्यक्षांनासुद्धा नाही. त्यावरून एकदा चांगलीच कुरबुर झाली होती.

पण तुमच्या पाळकसाहेबांनी शिकवण काही आपल्या पदरची सांगितली नाही. ती बायबलमध्ये, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कोणी आढ्यता बाळगू नये म्हणून ते कर्मांनी झालेलं नाही. आठवं आणि नववं वचन. आपल्या प्रत्येक संडे स्कूलच्या पोराला पाठ असतं. दहावं मात्र क्वचितच पाठ करून घेतात, आणि ते त्याच दमात आलं आहे. आपण देवाची हस्तकृती आहोत, आणि सत्कृत्यं करावीत म्हणून घडवलेले आहोत. म्हणजे पौल सत्कृत्यांना हाकलत नाही, त्यांची जागा बदलतो. तारणाच्या आधी उंबऱ्याशी उभी होती, ती घरात घेतो.

हे वाचायला बरं वाटतं, पण तुमचा राग त्यानं जाणार नाही, कारण तुमचा राग आईपायी आहे. ज्या माणसानं तिला टाकलं त्याला सुखलोकाचा पत्ता मिळाला आणि तिला दहा मिनिटं. हे पत्रात तुम्ही सरळ लिहिलं नाही, पण दोन्ही माती एकाच परिच्छेदात लिहिल्यात, त्यातच सगळं आलं. पाळकसाहेबांची चूक मला शिकवणुकीत दिसत नाही, मायेत दिसते. त्या संदेशात त्या बाईचं नाव घ्यायला हवं होतं. तिच्या मुलीच्या घरात, तिच्या मुलीच्या हातचं शेवटचं पाणी पिऊन तो माणूस गेला, एवढं तरी म्हणायला हवं होतं. आणखी एक. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या त्या चोराची गोष्ट सांगताना लोक त्याचं अर्धं बोलणं गाळतात. "माझी आठवण करा" म्हणायच्या आधी तो दुसऱ्या चोराला म्हणतो की आपल्याला मिळतंय ते आपल्या करणीचं योग्य फळ आहे. त्यानं आधी कबुली दिली. तुमचे वडील त्या पाच आठवड्यांत आईबद्दल काही बोलले का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बोलले असते तर लिहिलं असतंत, असा माझा अंदाज. त्या मान हलवण्यात काय होतं ते मला माहीत नाही, तुम्हाला नाही आणि पाळकसाहेबांनाही नाही. मरणाऱ्या माणसाच्या एका होकारात देव शिरू शकतो, एवढी आशा धरायला मी तयार आहे. त्याचा दाखला छापून वाटायला तयार नाही.

आता समजा तो होकार खरा होता. मग तुमच्या आईचं राबणं आणि त्यांची ती मान एकाच भावानं गेली का?

येशूनं ह्याच प्रश्नावर गोष्ट सांगितली आहे आणि ती त्यानं मऊ केलेली नाही. द्राक्षमळ्याचा धनी सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तासभर उरला असताना लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकच मजुरी देतो. सकाळचे कुरकुरतात, आम्ही दिवसभराचा भार आणि ऊन सोसलं. रोजगार हमीच्या कामावर हा प्रकार झाला असता तर मुकादमाला पळता भुई थोडी झाली असती. पण बघा, मळेवाला त्यांचं ऊन नाकारत नाही. तुम्ही काही फार केलं नाहीत, असं तो म्हणत नाही. तो एवढंच विचारतो की मी उदार झालो तर तुमच्या डोळ्यांत का सलतं. पुष्कळ प्रवचनकार इथं म्हणतात की सकाळपासून मळ्यात असणं हेच केवढं भाग्य! तुमच्या आईनं रात्रपाळीला दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचे मळ धुतले. त्याला भाग्य म्हणायला माझी जीभ वळत नाही. ऊन ते ऊनच.

मला त्या गोष्टीतून वेगळंच दिसतं. तुमच्या आईचं राबणं ही तिच्या तारणाची किंमत कधी नव्हतीच. ते तुमचं जेवण होतं, तुमची डी.एड.ची फी होती, धाकट्या भावाची चप्पल होती. देवाला त्याची गरज नव्हती, तुम्हाला होती, आणि तुमच्यापर्यंत ते पोचलं. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर, त्याच्या शिकवणीचा हा भाग आपल्याकडे फार कमी सांगतात. सत्कृत्यांची वाट वर जात नाही, आडवी शेजाऱ्याकडे जाते. देवापुढं मिरवायला म्हणून केलेलं काम शेजाऱ्याला नीट पोचतच नाही, कारण करणाऱ्याचं लक्ष वर असतं. तुमची आई वर बघून कामं करत नव्हती. तिला वर बघायला सवड कुठं होती?

आणि क्षमेचं म्हणाल, तर देवानं वडिलांना क्षमा केली असली तरी तुमचा हिशेब त्यात आपोआप मिटत नाही. जक्कय जकातदाराची गोष्ट आठवा. येशू आधी त्याच्या घरी पाहुणा म्हणून गेला, लोक नाकं मुरडत राहिले. पण जक्कय उठून काय म्हणाला? अर्धं गोरगरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. कृपा फुकट मिळाली म्हणून तो थकबाकी विसरला नाही, उलट कृपा मिळाल्यावरच त्याला ती आठवली. तुमच्या वडिलांना चौपट सोडाच, एकपटही फेडायला वेळ उरला नव्हता. ते तुमचं येणं बाकीच राहिलं आहे. ते सोडून द्यायचं की नाही, कधी, किती, हे तुमच्या चालीनं होऊ द्या. दफनाच्या दिवशी मंडळीसमोर व्हायलाच हवं, असं कुठल्याही वचनात नाही.

आता वहीकडं येते. पत्रातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटलं.

आपण मराठी माणसं. पाप-पुण्याचा हिशेब आपल्या भाषेतच मुरलेला आहे. पुण्य पदरात पडतं, गाठीला बांधलं जातं, फळाला येतं. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती असो की चाळीस, ही क्रियापदं कुठं जाणार? चित्रगुप्ताला आपण देवळाबाहेर ठेवला आणि त्याची वही मात्र काखोटीला मारून आत आलो. पण ह्याच भाषेत पतितपावन हाही शब्द आहे, तेही विसरू नका. आपले संत देवापुढं हिशेब मांडून उभे राहिले नाहीत, पदर पसरून उभे राहिले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत, ते काही नुसतं कवित्व नव्हतं.

शुभवर्तमानात वहीचे दोन प्रसंग आहेत. दोन्ही शेवटच्या दिवसाचे, दोन्ही मत्तयात. सातव्या अध्यायात काही लोक येतात आणि यादी वाचतात. प्रभू, तुझ्या नावानं आम्ही संदेश दिला, भुतं काढली, अद्भुत कामं केली. तो म्हणतो, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. पंचविसाव्या अध्यायात दुसरे लोक आहेत. त्यांना राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलंत, आजारी होतो, भेटायला आलात. ते गोंधळतात. कधी? आम्हाला तर आठवत नाही. बाई, त्यांच्याकडे वही नव्हती! पंचविसावा अध्याय वाचून लोक म्हणतात, बघा, शेवटी कामांवरच निवाडा होतो, विश्वासाचं नावसुद्धा नाही. खरं आहे, नाव नाही. पण ती कामं करणाऱ्यांनी ती कमाई म्हणून केलीच नव्हती. त्यांना वाटत होतं, आपण शेजारणीला पेज नेऊन दिली.

तुम्ही 61 मोजल्यात आणि तुम्हाला लाज वाटली. ती लाज मला फार मोलाची वाटते. त्या रात्री तुम्ही पहिल्यांदा बघितलंत की त्या वहीवर आपला भार आहे, आणि ती तो पेलत नाही. लूथरचं असंच झालं होतं. एरफुर्टच्या मठात तो उपास करायचा, जागरणं करायचा, पापांची कबुली देत तासन्‌तास बसायचा आणि उठून गेल्यावर आणखी एक पाप आठवलं म्हणून परत यायचा. ऐकणारे वैतागून जात. वही कधी पुरीच व्हायची नाही. 1517 मध्ये विटेनबर्गला त्यानं पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या क्षमापत्रांच्या विक्रीवर आपली 95 विधानं काढली, हे आपण शाळेच्या इतिहासात वाचतो. त्यामागं हा वहीला घाबरलेला तरुण संन्यासी होता, ते पुस्तकात येत नाही. रोमकरांस पत्रातलं "नीतिमान विश्वासानं जगेल" हे वचन कळलं तेव्हा स्वर्गाची दारं उघडल्यासारखं झालं, असं त्यानं म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

पण तुम्हाला जर्मनीत कशाला नेऊ? केडगाव जवळ आहे.

पंडिता रमाबाईंना सगळे ओळखतात, शाळा आणि दुष्काळातल्या मुलींमुळं. त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली आहे, तिच्यात हा तुमचाच प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये असताना फुलहॅमला त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजानं "बिघडलेल्या" म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या भगिनी सांभाळत होत्या. रमाबाई थक्क झाल्या, कारण अशा बायकांना दंड करणारे त्यांनी पाहिले होते, पदराखाली घेणारे नाही. हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या शोमरोनी लोकांतल्या एका बाईची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे रमाबाईंना आत आणलं ते कुणाच्या तरी सत्कृत्यांनी. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला. मग अमेरिका, व्याख्यानं, निधी, 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन, पुढच्या वर्षी ते पुण्याला. बालविधवांना आसरा देणारी ही बाई, शिव्याशाप दोन्हीकडून खाणारी. वही असती तर भरून वाहिली असती. आणि त्याच काळाबद्दल त्या लिहितात की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्याला आठ वर्षं होऊन गेल्यावर त्यांना ते उमगलं. मोठं काम करूनही आतला कोरडेपणा त्यांनी लपवला नाही, ह्याचं मला फार अप्रूप आहे. आपल्यात साक्ष देताना असं कुणी म्हणतं का?

आणि त्यानंतर? कर्मांनी काही होत नाही हे कळल्यावर त्या हात जोडून बसल्या का? 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो भुकेल्या मुली-बायका घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. कामं वाढली. फक्त आता त्यांच्या जिवाचं ओझं त्या कामांवर नव्हतं. माझ्या मते माणूस खरं काम त्यानंतरच करतो.

तुम्ही म्हणाल, त्यांना ख्रिस्त मिळाला, मला कुठं मिळतोय? मन कोरडं आहे. इथं मला थोडं खडसावून सांगू द्या. तुम्ही कामांची वही मिटलीत आणि विश्वासाची उघडलीत. आज किती विश्वास वाटला, प्रार्थनेत डोळ्यांत पाणी आलं का, शेजारच्या बाकावरच्या बहिणीसारखे हात वर गेले का. ही पण कमाईच झाली. विश्वास हे आणखी एक कर्म झालं, सगळ्यांत अवघड, कारण बेडपॅन निदान उचलता येतं, मनाला ओलावा आणता येत नाही. हल्लीच्या सभांमधून "तुझा विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटलं नाही" असं आजारी माणसाला सांगतात, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. क्षमापत्रं विकणाऱ्यांनी निदान पैसेच मागितले होते.

मराठीत आपण विश्वास ठेवतो आणि विश्वास टाकतोही. ह्यातला टाकणं मला जास्त आवडतं. भार टाकावा तसा. श्रीरामपूरहून तुम्ही कल्याणच्या एसटीत बसता. माळशेज घाटात एक प्रवासी घोरत असतो. दुसरी बाई समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरून, डोळे मिटून पुटपुटत असते. तिसरा ड्रायव्हरला शिव्या घालत असतो. कल्याणला तिघंही पोचतात. गाडी प्रवाशाच्या भरवशावर चालत नाही. दांडा धरून बसलेल्या बाईनं "माझा भरवसा घोरणाऱ्याएवढा नाही, मी पोचणार नाही" म्हणून घाटातच उतरायचं ठरवलं तर मात्र पंचाईत. बाई, तुम्ही गाडीत आहात. दांडा धरून आहात, एवढंच. शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका. एका श्वासात दोन्ही. येशूनं त्याला आधी मन ओलं करून ये म्हणून परत पाठवलं नाही. मुलगा बरा झाला.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी तुमच्या तोंडावर फेकेलच, म्हणून सांगून ठेवते. विश्वास क्रियांवाचून निर्जीव आहे, असं तो म्हणतो, आणि पौल म्हणतो, नियमशास्त्राच्या कर्मांवाचून माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो. दोघंही अब्राहामालाच साक्षीला बोलावतात. पौल ताऱ्यांखाली उभ्या अब्राहामाकडे बघतो, ज्यानं नुसतं वचन मानलं. याकोब आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला घेऊन डोंगर चढणाऱ्या अब्राहामाकडे बघतो. मधे कैक वर्षं गेली आहेत. पौलासमोर असे लोक होते जे म्हणत, सुंता केली नाहीस तर तू आत नाहीस. याकोबासमोर असे, जे उघड्या भुकेल्या भावाला "सुखी राहा, ऊब घ्या" म्हणून वाटेला लावत. एकाला कुलूप उघडायचं होतं, दुसऱ्याला झोपलेल्याला हलवायचं होतं. लूथरला याकोबाचं पत्र मुळीच रुचलं नाही, 1522 मध्ये त्यानं त्याला गवताचं पत्र म्हटलं. आणि त्याच वर्षी रोमकरांस पत्राला प्रस्तावना लिहिताना म्हणाला की विश्वास ही अशी जिवंत, धडपडी गोष्ट आहे की सत्कृत्यं करावीत का असं कुणी विचारायच्या आत ती करून मोकळी होते. याकोबाला ह्याहून वेगळं काय हवं होतं?

माझी एक वसईची मैत्रीण आहे, कॅथलिक. ती चिडवायची, तुमच्यात काही न करता स्वर्ग, आमच्यात राबून. गंमतीत ठीक आहे, पण तिच्याही चर्चची शिकवण तशी नाही. 1547 मध्ये त्यांच्या ट्रेंटच्या परिषदेत लूथरच्या मांडणीचा निषेध झाला, तरी त्याच परिषदेनं सांगितलं की कृपेवाचून निव्वळ आपल्या कर्मांनी कुणी नीतिमान ठरत नाही. भांडण पुढं साडेचारशे वर्षं चाललं. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत ऑग्जबर्गला कॅथलिक आणि लुथरन चर्चनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्यातल्या कुठल्याही लायकीमुळं नव्हे, केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासानं देव आपल्याला स्वीकारतो आणि आत्मा देऊन सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, एवढं दोघांनी मिळून कबूल केलं. सगळे मतभेद मिटले नाहीत. पण मैत्रिणीला मी तो मजकूर वाचून दाखवला, तर म्हणाली, मग इतकी वर्षं भांडलो कशाला? मला उत्तर देता आलं नाही.

आता काकू. ह्यावर चर्चचर्चमध्ये फरक आहे आणि मी तो लपवणार नाही. ख्रिस्तावरच्या विश्वासावाचून तारण नाही, असं आपल्याकडचे बहुतेक पाळक शिकवतात. कॅथलिक चर्चनं 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत म्हटलं की ज्यांना स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. माझं स्वतःचं विचाराल तर न्यायासनाची जागा भरलेली आहे, आणि त्यावर बसणाऱ्यानं भल्या शेजाऱ्याचा दाखला देताना वाटेत जखमी पडलेल्याच्या बाजूनं धर्मगुरूला आणि देवळातल्या सेवेकरी लेव्याला निघून जाऊ दिलं, थांबवला तो शोमरोनी. कर्मांनी तारण नाही, हे वाक्य प्रत्येकानं आरशासमोर म्हणायचं आहे. दुसऱ्याच्या बेडपॅन धरलेल्या हातांकडे बघून म्हणायचं नाही. काकूंकडे जा, त्यांना साडी नाहीतर काही घेऊन जा, आणि नुसतं "तुम्ही होतात म्हणून निभावलं" म्हणा. त्यांच्या तारणाची काळजी त्यांच्या विठ्ठलापाशी आणि तुमच्या प्रभूपाशी राहू द्या, तुमची दोघींची ओळख जुनी आहे.

तुम्ही कुठं उभ्या आहात, असं विचारलंत. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत, पैसे उडवून परत आलेल्या धाकट्यासाठी घरात वाजतगाजत असतं आणि थोरला भाऊ अंगणात उभा असतो. इतकी वर्षं चाकरी केली, मला कधी करडूसुद्धा दिलं नाही, म्हणतो. त्याचं खोटं नाही. बाप पंगत सोडून बाहेर येतो आणि त्याची समजूत काढतो, बाळा, तू तर नेहमीच माझ्याबरोबर आहेस, माझं आहे ते सगळं तुझंच आहे. धाकट्यासाठी बाप धावत गेला, हे सगळे सांगतात. थोरल्यासाठीही तो उठून बाहेर आला, हे सांगत नाहीत. थोरला आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलंच नाही. तुम्ही तिथं आहात, अंगणात, आणि एकट्या नाही.

करायचं काय, तर थोडंच. वही फाडू नका, महिला मंडळाच्या अहवालाला ती लागणार. फक्त रात्री उशाशी ठेवू नका, मंडळाच्या कपाटात ठेवा, किल्ली सेक्रेटरीकडे द्या. आईच्या नावानं एक उपकारस्तुतीची उपासना मागा. नऊ वर्षं झाली म्हणून काय झालं? पाळकसाहेबांना सांगा की तिच्याबद्दल दोन शब्द बोला, आणि काय बोलायचं ते तुम्ही लिहून द्या. नाही म्हणाले तर मला कळवा.

आणि येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी मेज तुम्ही मांडू नका. मला खात्री आहे, पेले तुम्हीच पुसता आणि भाकर घ्यायला सगळ्यांच्या शेवटी जाता, पदराला हात पुसत. ह्या वेळी पहिल्या रांगेत जाऊन गुडघे टेका. एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवा, रिकामा. त्यात काही असेल तर भाकर ठेवायला जागा राहत नाही. डोळ्यांत पाणी येतं का ते बघू नका. भाकर खा, बाकावर येऊन बसा. उपासनेनंतरचा चहासुद्धा त्या दिवशी दुसऱ्या कुणाला करू दे. फिक्का होईल, साखर कमी पडेल. तुम्ही बसूनच प्या.